वाचलेल्यांची कृतज्ञता : व्हेनिसमधील एका चर्चच्या निमित्ताने

संकटातून वाचलेल्या माणसाने आभार मानावेत ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते, की तिच्याविषयी प्रश्न उपस्थित करणे हेच कृतघ्नपणाचे लक्षण समजले जाते. परंतु ज्या संकटातून काही जण वाचले त्याच संकटात इतर अनेक जण मेले असतील, तर या आभारांचे स्वरूप नेमके काय? ते कोणी, कोणाचे आणि कोणाच्या वतीने मानायचे? आणि मेलेल्यांच्या समक्ष ते उच्चारता येतात काय? नीतिविचारात कृतज्ञतेची चर्चा सामान्यतः दोन व्यक्तींमधील व्यवहाराच्या अंगाने होते : एकाने उपकार केला, दुसऱ्याने तो स्मरला. सामूहिक कृतज्ञतेचा, आणि त्यातही जिची किंमत तिसऱ्याच कोणी चुकती केली आहे अशा कृतज्ञतेचा, विचार मात्र फारसा झालेला आढळत नाही. असा विचार करण्यासाठी एखादी ठोस संहिता समोर असणे उपयुक्त ठरते. ती शब्दांचीच असली पाहिजे असे नाही. व्हेनिसच्या मोठ्या कालव्याच्या मुखाशी उभे असलेले सांता मारिया देल्ला सालूते हे बरोक चर्च ही अशीच एक संहिता आहे.

या चर्चच्या जन्माची हकीकत सुपरिचित आहे. १६३० साली मांतुआच्या वारसाहक्कावरून उत्तर इटलीत युद्ध चालू होते. सैन्याबरोबर प्लेग आला. मांतुआच्या दरबाराचा एक दूत व्हेनिसला आला तेव्हा त्याला सान क्लेमेंते बेटावर विलगीकरणात ठेवण्यात आले. तेथे कामाला गेलेल्या एका सुताराबरोबर रोग शहरात शिरला, असे परंपरेने सांगितले जाते. सुमारे १,४०,००० वस्तीच्या शहरात पुढील काही महिन्यांत सुमारे ४६,००० माणसे मेली, म्हणजे दर तिघांमागे एक. २२ ऑक्टोबर १६३० रोजी सिनेटने निर्णय घेतला, की कुमारी मारियेच्या नावाने एक चर्च उभारावे आणि दरवर्षी दोजेने, म्हणजे प्रजासत्ताकाच्या प्रमुखाने, तेथे मिरवणुकीने जावे. बाल्दास्सारे लोंगेना या बत्तीस वर्षांच्या वास्तुशिल्पज्ञाचा आराखडा मान्य झाला. १ एप्रिल १६३१ रोजी पायाचा दगड बसला. तो बसविणारा दोजे निकोलो कोंतारिनी आजारी होता आणि दुसऱ्याच दिवशी तो मरण पावला. प्लेग संपल्याची घोषणा त्या वर्षीच्या नोव्हेंबरात झाली. चर्चचा अभिषेक मात्र १६८७ साली झाला, लोंगेनाच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी.

या तारखांचा क्रम नीट पाहिला पाहिजे, कारण चर्चविषयीचे प्रचलित वर्णन त्या क्रमाशी जुळत नाही. 'प्लेगमधून सुटका झाल्याबद्दल कृतज्ञतेने बांधलेले चर्च' असे त्याचे वर्णन केले जाते. वस्तुतः निर्णय झाला तेव्हा सुटका झालेली नव्हती. उलट, त्या निर्णयानंतरच्या नोव्हेंबर महिन्यात मृत्यूचे प्रमाण शिगेला पोहोचले. पायाचा दगड बसला तेव्हाही रोग शहरात होताच. म्हणजे ज्याला आज कृतज्ञतेचे स्मारक म्हटले जाते ते मुळात एक मागणे होते. मराठी वाचकाला येथे 'नवस' हा शब्द सहज आठवेल आणि तो बऱ्याच अंशी योग्यही आहे. पण नवसाच्या व्यवहारात 'बोलणे' आणि 'फेडणे' या दोन क्रिया स्पष्टपणे वेगळ्या असतात आणि त्यांच्यामध्ये इच्छापूर्तीची अट उभी असते. इच्छा पुरी झाली नाही तर नवस फेडण्याचे बंधन राहात नाही. व्हेनिसने अट पुरी होण्याची वाट पाहिली नाही. फेडायला आधीच सुरुवात केली. हा साधा सौदा नव्हे. मार्सेल मोस याने १९२५ साली दानविषयक निबंधात दाखविल्याप्रमाणे दान स्वीकारणाऱ्यावर परतफेडीचे बंधन घालते. ते लक्षात घेतले तर येथे देवतेलाच बंधनात टाकण्याचा डाव होता, असे एखादा संशयी भाष्यकार म्हणेल. तसे म्हणता येईलही. परंतु बुडत्या माणसाने किनाऱ्यावर पोहोचण्याआधीच 'वाचलो' म्हणून हाक मारावी, अशा प्रकारचे काहीतरी त्यात आहे आणि ते डावपेचाच्या भाषेत पुरते मावत नाही. चर्च बांधले जाण्यासाठी वाचलेले कोणीतरी असणे आवश्यक होते. ते असणारच, हे पायाच्या दगडाने गृहीत धरले.

अशा स्मारकांविरुद्धचा मूलभूत आक्षेप फार जुना आहे. डायगोरास या नास्तिक म्हणून ओळखल्या गेलेल्या ग्रीकाची एक कथा सिसेरोने नोंदविली आहे. वादळातून वाचलेल्या खलाशांनी देवळात वाहिलेली चित्रे मित्राने त्याला दाखविली आणि देव माणसांची काळजी घेतात याचा हा पुरावा नव्हे काय, असे विचारले. डायगोरासचे उत्तर असे, की बुडालेल्यांनी चित्रे वाहिलेली नाहीत. फ्रान्सिस बेकनने हीच कथा १६२० साली 'नोव्हुम ऑर्गानुम'मध्ये, माणसाचे मन अनुकूल दाखले तेवढेच कसे ध्यानात ठेवते याचे उदाहरण म्हणून वापरली. म्हणजे व्हेनिसच्या सिनेटने निर्णय घेतला तेव्हा हा आक्षेप युरोपच्या विद्वज्जनांत नव्याने छापून येऊन दहा वर्षे झाली होती.

आक्षेप निरुत्तर करणारा आहे यात शंका नाही. मात्र तो नेमका कशाला लागू पडतो हे पाहिले पाहिजे. बेकनचा रोख अनुमानाच्या दोषाकडे आहे. 'ज्यांनी नवस बोलला ते वाचले, म्हणून नवसामुळे वाचले' या अनुमानाला बुडालेल्यांची गणना पुरेशी आहे. परंतु कृतज्ञता हे अनुमान असते काय? आजारातून उठलेला माणूस सकाळचे ऊन पाहून ज्या भावनेने भरून येतो ती भावना कार्यकारणाचा कोणताही दावा करीत नाही. तिला 'कोणाचे आभार' हा प्रश्न विचारला तर ती गोंधळून जाईल. अशा अकर्तृक कृतज्ञतेला डायगोरासचे उत्तर स्पर्शच करीत नाही. सालूतेच्या बचावाची सर्वांत बळकट बाजू हीच आहे. हे चर्च आतून पाहणाऱ्याला ती खरीही वाटू लागते. लोंगेनाची रचना अष्टकोनी आहे. कुमारी मारियेला समर्पित वास्तू मुकुटासारखी वर्तुळाकार असावी, असे त्याने आपल्या निवेदनात म्हटले होते. मधला विशाल घुमट, त्याभोवती फिरण्याचा मार्ग, सर्व बाजूंनी येणारा प्रकाश आणि नेमक्या मध्यभागी काहीच नाही : मूर्ती नाही, वेदी नाही, केवळ जमिनीवरचे वर्तुळ आणि त्यावर उभे राहणारा माणूस. दहा लाखांहून अधिक लाकडी खुंट चिखलात ठोकून त्यावर हा डोलारा उभा केला असे परंपरा सांगते. त्या सगळ्याच्या मधोमध एक मोकळी जागा राखलेली आहे.

पण या मोकळ्या जागेवर फार काळ थांबता येत नाही. जमिनीवरच्या वर्तुळात लॅटिन अक्षरे कोरलेली आहेत. 'जेथे उगम, तेथेच तारण' असा त्यांचा आशय. व्हेनिसची स्थापना इसवी सन ४२१ मध्ये २५ मार्च रोजी, म्हणजे मारियेला देवदूताने शुभवार्ता दिल्याच्या सणाच्या दिवशी झाली, अशी प्रजासत्ताकाची आख्यायिका होती. तिचा येथे उल्लेख आहे. मूळ शब्द 'सालुस' हा आरोग्य आणि मुक्ती असे दोन्ही अर्थ एकत्र धारण करतो. मराठीत असा एक शब्द नाही. वेलांकणीच्या 'आरोग्यमाते'च्या नावात पहिला अर्थ येतो, दुसरा सुटतो. 'क्षेम' थोडा जवळ जातो, पण त्यात देहाचा वास नाही. या द्व्यर्थामुळेच ते कोरीव वाक्य एक अवघड उडी सहज मारते : देहांची सुटका, आत्म्यांची मुक्ती आणि राज्याचे सातत्य या तीन वेगळ्या गोष्टी त्यात एकच होऊन जातात. मेलेल्या ४६,००० जणांना पहिली मिळाली नाही, दुसरीबद्दल कोणी सांगू शकत नाही आणि तिसरीचा त्यांना उपयोग नाही. त्यांच्यावाचूनही राज्य मात्र 'आम्ही वाचलो' असे खुशाल म्हणू शकते. राज्य प्लेगने मरत नाही.

येथे मराठीतील एक व्याकरणिक भेद विचाराला मदत करतो. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत : ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण'. लॅटिन किंवा इटालियनमध्ये हा भेद नाही. 'आम्ही वाचलो' हे वाक्य मेलेल्यांच्या समक्ष उच्चारता येईल. ते क्रूर असेल, पण खोटे नसेल. 'आपण वाचलो' हे वाक्य त्यांच्या समक्ष उच्चारता येणार नाही. सार्वजनिक स्मारक मात्र नेहमी दुसरेच वाक्य बोलते. स्मारकाची ती अपरिहार्य गरज असते. मागून येणाऱ्या प्रत्येक पिढीला, परक्यालाही, ते 'आपण' म्हणून आत ओढते आणि ज्यांच्या बाबतीत ते सर्वनाम असत्य आहे असा एकच समूह गप्प असतो. आल्बेर कामूच्या 'ला पेस्त' (१९४७) या कादंबरीत फादर पानलू पहिल्या प्रवचनात श्रोत्यांना 'तुम्ही' म्हणून संबोधतो. एका मुलाचे मरण पाहिल्यानंतरच्या दुसऱ्या प्रवचनात तो 'आपण' म्हणू लागतो आणि निवेदक ही गोष्ट मुद्दाम टिपून ठेवतो. तेथे सर्वनामाचा बदल म्हणजे बोलणाऱ्याने स्वतःला धोक्यात घालणे आहे. सालूतेमध्ये तेच सर्वनाम धोका टळल्यानंतर धारण केलेले आहे. दोन्हींत शब्द एक, नीती मात्र उलट.

मुख्य वेदीवरील शिल्पसमूहात हा उलटेपणा दृश्य होतो. तो फ्लँडर्सहून आलेल्या युस्त ल कूर याने १६७०च्या दशकात घडविला. म्हणजे प्लेगला चाळीस वर्षे लोटल्यावर, आणि ज्याने तो व्हेनिसमध्ये अनुभवलेला नव्हता अशा कलावंताने. मध्यभागी उंचावर बाळासह मारिया. एका बाजूला गुडघे टेकून विनवणारी तरुण, सालंकृत स्त्री, ती व्हेनिस. दुसऱ्या बाजूला एक जख्ख म्हातारी, तो प्लेग, आणि मशाल घेऊन तिला हुसकावून लावणारा बालदेवदूत. अकर्तृक कृतज्ञतेचा बचाव येथे कोसळतो. हे शिल्प कार्यकारणाचाच दावा करते : हिने विनविले, तिने ऐकले, ती पळाली. वाल्टर बेंजामिनने १९२८च्या जर्मन शोकनाट्यावरील ग्रंथात बरोक रूपकाचे नाते प्रेताशी आणि भग्नावशेषाशी जोडले होते. त्या दृष्टीने ही वेदी एक चमत्कारिक अपवाद म्हणावी लागेल, कारण प्लेगच्या या रूपकात प्रेत कोठेच नाही. तीन स्त्रिया आहेत, तिघीही जिवंत. प्लेगला देह दिला आहे. प्लेगने मेलेल्यांना तो नाकारला आहे.

रोगाला देह देणे ही निरुपद्रवी कलात्मक सोय नव्हे. महाराष्ट्रातील मरीआईची आठवण येथे होणे साहजिक आहे, परंतु साम्य वरवरचे आहे. मरीआईच्या कल्पनेत रोग आणणारी आणि नेणारी एकच. तिला विनवून शिवेपार पोचवायचे असते, हाकलायचे नसते. सालूतेच्या वेदीवर या दोन भूमिका दोन देहांत विभागल्या आहेत : तारणारी सुंदर, मारणारी कुरूप आणि वृद्ध. ही विभागणी एकदा झाली की कुरूप भूमिकेसाठी रस्त्यावरचा देह शोधणे फार दूर राहात नाही.

तो शोध त्याच प्लेगमध्ये, त्याच वर्षी, मिलानमध्ये झाला. २१ जून १६३० रोजी सकाळी एका स्त्रीने खिडकीतून पाहिले, की एक माणूस भिंतीला हात पुसत चालला आहे. तो गुल्येल्मो पियात्सा, आरोग्य खात्याचाच एक कर्मचारी. रोग पसरविणारे मलम तो भिंतींना फासत होता असा बोभाटा झाला. छळ आणि माफीचे आमिष यांमुळे त्याने जानजाकोमो मोरा या न्हाव्याचे नाव घेतले. १ ऑगस्ट रोजी दोघांना हालहाल करून ठार मारण्यात आले. मोराचे घर पाडून त्या जागी एक स्तंभ उभारला गेला. 'कलंकस्तंभ' म्हणून तो ओळखला जाई. १७७८ साली तो पाडला जाईपर्यंत दीडशे वर्षे तो तेथे होता.

एकाच साथीची ही दोन स्मारके. एकावर कोरले आहे, की अमुक एकीने वाचविले. दुसऱ्यावर, की अमुक एकाने मारले. दोन्हींची वाक्यरचना एकच आहे : जे घडले त्याला कर्ता असलाच पाहिजे. १८९४ साली अलेक्झांडर येर्सँने हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू ओळखला तेव्हा या दोन्ही वाक्यांतील कर्ता एकदमच पुसला गेला. यातून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, की कृतज्ञता आणि आरोप ही जुळी भावंडे आहेत, एकीला जागा दिली की दुसऱ्याला द्यावीच लागते. हा निष्कर्ष घाईचा आहे. व्हेनिसमध्ये त्या काळी प्रचलित असलेल्या धर्मश्रद्धेनुसार प्लेग हा पापांबद्दलचा ईश्वरी कोप होता आणि पाप सर्वांचेच होते. या समजुतीत मलम फासणाऱ्याची गरजच उरत नाही. अर्थात मिलानच्या लोकांचीही श्रद्धा तीच होती. तेव्हा फरक श्रद्धेत शोधून चालणार नाही.

येथे आलेस्सांद्रो मांझोनीचे विवेचन मोलाचे ठरते. पिएत्रो वेर्री या अठराव्या शतकातील प्रबोधनवादी लेखकाने या खटल्यावर लिहून दोष छळाच्या कायद्यावर आणि काळाच्या अज्ञानावर ठेवला होता. मांझोनीने १८४०च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या 'कलंकस्तंभाच्या इतिहासा'त त्याचे बरेचसे मान्य करूनही एक हट्टी प्रश्न विचारला : त्याच कायद्याने, त्याच अज्ञानाने न्यायाधीशांना निर्दोष सोडण्याची वाट मोकळी ठेवली नव्हती काय? ती होती आणि त्यांनी ती घेतली नाही, असे तो कागदपत्रांवरून दाखवितो. म्हणजे रचना माणसाला एका दिशेला ढकलते, पण बळजबरी करीत नाही. हाच निकष व्हेनिसलाही लावला पाहिजे. मिलानच्या न्यायाधीशांना जी जबाबदारी चुकत नाही ती सालूतेच्या निर्मात्यांनाही चुकू नये. त्यांना कोणावर आरोप करायचा नव्हता, हे त्यांचे श्रेय. परंतु आभार मानताना कोणाला वगळायचे याची निवड त्यांनीही केलीच.

ते वगळणे मेलेल्यांपुरते नाही. व्हेनिस हे प्लेगपुढे हात जोडून बसलेले शहर नव्हते. १४२३ साली लाझारेत्तो वेक्यो या बेटावर त्याने प्लेगग्रस्तांसाठी कायमचे रुग्णालय सुरू केले होते. १४६८ साली लाझारेत्तो नुओवो या दुसऱ्या बेटावर संशयित माणसे आणि माल वेगळा ठेवण्याची व्यवस्था केली. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून आरोग्याधिकाऱ्यांचे स्थायी मंडळ होते. युरोपात इतकी शिस्तबद्ध यंत्रणा क्वचितच असेल. ही यंत्रणा माणसांनी चालविली : आजाऱ्यांना होड्यांतून बेटांवर नेणारे, कपडे जाळणारे, प्रेते खड्ड्यांत उतरविणारे. या शतकाच्या आरंभी लाझारेत्तो वेक्योवर झालेल्या उत्खननात सामूहिक दफनांतून हजाराहून अधिक सांगाडे बाहेर आले. कोणीतरी त्यांना तेथे ठेवले होते. ज्याने ठेवले तोही पुढच्या आठवड्यात त्यांच्यातच गेला असणे अशक्य नाही. सालूतेमध्ये या हातांसाठी कोनाडासुद्धा नाही. वर पाहणारी कृतज्ञता शेजारी पाहात नाही, हा तिच्यावरचा खरा आक्षेप आहे आणि तो डायगोरासच्या आक्षेपापेक्षा अधिक गंभीर आहे. कारण तो आस्तिकालाही तितकाच लागू पडतो.

याचे कारण केवळ विस्मरण नसावे. कांटने १७९७च्या नीतिविषयक ग्रंथात कृतज्ञतेला 'पवित्र' कर्तव्य म्हटले. ज्याने प्रथम उपकार केला त्याचे प्रथमपण कशानेही फेडता येत नाही, हे त्याचे कारण. न फिटणारे ऋण मनुष्याला मनुष्याचे बाळगणे जड जाते. राज्याला तर प्रेत वाहणाऱ्याचे बाळगणे अशक्यच. ते वरच्या पत्त्यावर पाठविले की सर्वांची सोय होते. व्हिएन्नातील कार्ल्सकिर्श हे चर्च या दृष्टीने अधिक उघडे आहे. सहाव्या कार्ल सम्राटाने १७१३च्या प्लेगमध्ये नवस बोलून ते बांधविले आणि समर्पित केले ते संत कार्लो बोर्रोमेओला, म्हणजे स्वतःच्याच नावाच्या संताला. दर्शनी भागातील दोन महास्तंभांवर संताचे चरित्र कोरले असले तरी स्तंभांची जोडी सम्राटाच्या हातून निसटलेल्या स्पेनच्या सिंहासनाची खूण म्हणूनच वाचली जाते. सालूतेने एवढे उघड काही केलेले नाही. तरीही तिच्या मुख्य वेदीवर जी मारियेची प्राचीन प्रतिमा आहे ती क्रीटमधील कांदियाहून आणलेली. १६६९ साली ते शहर तुर्कांच्या स्वाधीन करून फ्रांचेस्को मोरोझिनी परतला तेव्हा ती सोबत आली. सुटकेच्या स्मारकाच्या गाभ्यात पराभवाची अशी एक वस्तू बसविलेली आहे. आभार मानणाऱ्यांनी एवढी तरी कबुली दिली, असे म्हणायला जागा आहे. बहुधा ती त्यांनी जाणून दिलेली नसावी.

प्रजासत्ताक १७९७ साली संपले. दोजेही राहिला नाही. दरवर्षीची यात्रा मात्र चालू राहिली. २१ नोव्हेंबरला मोठ्या कालव्यावर तात्पुरता पूल घातला जातो आणि लोक त्यावरून चालत चर्चमध्ये येऊन मेणबत्त्या लावतात. त्या १६३१च्या सुटकेसाठी लावलेल्या नसतात. कोणाची आई रुग्णालयात असते, कोणाच्या मुलाची शस्त्रक्रिया व्हायची असते. आभार पुन्हा मागण्याकडे परतले आहेत, म्हणजे जेथून ऑक्टोबर १६३० मध्ये निघाले होते तेथेच. या मेणबत्त्यांमागे 'आम्ही' नाही आणि 'आपण'ही नाही. प्रत्येकीमागे एखाद्या माणसाचे नाव आहे.

त्या दिवशी व्हेनिसमधील घरांतून 'कास्त्रादीना' नावाचा एक पदार्थ शिजतो : खारवून, धूर देऊन वाळविलेले मेंढीचे मांस आणि कोबी, बराच वेळ मंद आचेवर उकळलेले. हे मांस दाल्मात्सियाच्या किनाऱ्यावरून येत असे. साथ चालू असताना इतरांनी व्हेनिसकडे जहाजे पाठविणे थांबविले तेव्हा दाल्मात्सियाचे लोक अन्न आणीत राहिले, म्हणून त्यांच्या आठवणीसाठी हे खायचे, असे तेथे सांगितले जाते. चर्चमध्ये दाल्मात्सियाचा उल्लेख कोठेही नाही.